विषाणूजन्य घशाचा कर्करोग आणि डीएनए मिथिलेशन: चाचणी म्हणून कितपत कामाचं?

पिपेट

दुसऱ्या एका धाग्यावर हा विषय निघाला आणि "रक्ताच्या थेंबात घशाचा कॅन्सर कळतो म्हणे" इथपासून "सगळं मार्केटिंग आहे" इथपर्यंत मतं पडली. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय. मी रेणवीय निदानाच्या प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. औषधोपचाराचे प्रश्न मला विचारू नका, इथे डॉक्टर मंडळी आहेत.

आधी एक घोळ निस्तरू. "विषाणूमुळे होणारा घशाचा कर्करोग" हा एक आजार नाही, निदान दोन आहेत. पहिला टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारा, ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा म्हणजे एचपीव्हीचा. त्यात साधारण दहातल्या नऊ गाठींत एचपीव्ही १६ हाच प्रकार सापडतो. दुसरा नाकाच्या मागे, घशाच्या अगदी वरच्या टोकाला होणारा, एपस्टीन-बार विषाणूचा (पुढे ईबीव्ही म्हणते). तो दक्षिण चीन, आग्नेय आशिया, उत्तर आफ्रिका इथे जास्त, आणि आपल्याकडे नागालँड-मणिपूरसारख्या ईशान्येच्या राज्यांत. दोन्हींत विषाणू पेशीत ठाण मांडून बसतो, पण पुढची गोष्ट वेगळी आहे. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते आणि गैरसमज तिथूनच सुरू होतात.

आता मिथिलेशन. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सी या अक्षराला, त्याच्या पुढे जी असेल तर, पेशी एक छोटा मिथिल गट चिकटवते. अक्षर तेच राहतं, पण जनुकाच्या सुरुवातीच्या पट्ट्यात असे गट दाटीने बसले की ते जनुक सहसा गप्प होतं. माणसाच्या जीनोममध्ये अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत. कर्करोगात ही मांडणी विस्कटते: ट्यूमरला आवर घालणाऱ्या काही जनुकांवर गट चढतात, इतरत्र मोठाल्या पट्ट्यांवरून उतरतात. विषाणू यात हात घालतो. एचपीव्हीचं ई७ प्रथिन गट चिकटवणाऱ्या डीएनएमटी१ या विकराला थेट जाऊन बिलगतं. ईबीव्हीचं एलएमपी१ त्याच कुळातल्या विकरांना चालना देतं. नाकामागच्या घशाच्या गाठी तर सगळ्यात जास्त मिथिलेशन असलेल्या कर्करोगांत मोडतात.

आणखी एक, जे बहुतेक लेखांत सुटतं. मिथिलेशन दोन ठिकाणी मोजता येतं: माणसाच्या जनुकांवर आणि खुद्द विषाणूच्या डीएनएवर. दोन्हींतून मिळणारी माहिती एकसारखी नसते.

माझं मत आत्ताच सांगून टाकते म्हणजे भांडायला सोपं जाईल. नाकामागच्या कर्करोगात मिथिलेशन खरोखर उपयोगाच्या जवळ आलं आहे. टॉन्सिलच्या कर्करोगात नाही, आणि लवकर येईल असं मला वाटत नाही.

शून्यप्रहर

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सांजवेळ

पिपेटताई, धाग्यासाठी धन्यवाद. थोडं वैयक्तिक विचारते. मामांच्या मानेत गाठ आली, दुखत नव्हती म्हणून बरेच दिवस अंगावर काढली. सुईने तपासणी झाली, मग टॉन्सिलची बायॉप्सी. रिपोर्टात लिहिलंय "पी१६ पॉझिटिव्ह". डॉक्टर म्हणाले हा एचपीव्हीचा दिसतो, चांगलं लक्षण आहे. हीच का ती मिथिलेशनची चाचणी? आणि कर्करोगात "चांगलं लक्षण" म्हणजे काय असतं?

नाककानघसा

सांजवेळ, मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, तुमच्या मामांची फाइल पाहिलेली नाही, तेव्हा सर्वसाधारण तेवढंच सांगतो.

पी१६ ही मिथिलेशनची चाचणी नाही. ते एक प्रथिन आहे, स्लाइडवर रंगवून पाहतात. ई७ पेशीच्या आरबी या पहारेकऱ्याला निकामी करतं, आणि आरबी गेला की पी१६ बेसुमार तयार होऊ लागतं. म्हणजे आपण विषाणू पाहत नाही, त्याने केलेल्या उलथापालथीची खूण पाहतो. ७०% किंवा जास्त पेशींत, केंद्रक आणि पेशीद्रव दोन्हीकडे, गडद रंग आला तर पॉझिटिव्ह. गंमत अशी की तंबाखूवाल्या, विषाणू नसलेल्या गाठींत पी१६ चं जनुक बहुधा बंद पडलेलं असतं: कधी तुकडाच गळालेला, कधी उत्परिवर्तन, आणि काही वेळा मिथिलेशन. तेव्हा संबंध अगदीच नाही असं नाही.

"चांगलं लक्षण" हे आकड्यांवरून आलेलं आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एचपीव्ही पॉझिटिव्ह रुग्णांपैकी ८२.४% तीन वर्षांनी हयात होते, निगेटिव्हपैकी ५७.१%. फरक इतका की कर्करोगाच्या टप्प्यांची वर्गवारी करणाऱ्या एजेसीसीच्या आठव्या आवृत्तीत पी१६ पॉझिटिव्ह गाठींसाठी वेगळा तक्ताच केला. मानेत गाठी असूनही टप्पा कमी लिहिलेला पाहून नातेवाईक चक्रावतात ते यामुळे.

टक्केवारी

पिपेट, "उपयोगाच्या जवळ" ही फार सैल भाषा झाली. निरोगी लोकांत चाळणी लावणार असाल तर आधी गणित करू. समजा एक लाख लोकांत १० जणांना आजार आहे. चाचणी ९०% आजार पकडते आणि ९९% निरोग्यांना बरोबर सोडते, म्हणजे कागदावर झकास. पकडलेले खरे रुग्ण ९. उगाच पकडलेले निरोगी जवळपास १,०००. या हजार जणांच्या घशात दुर्बीण घालायची, झोप उडवायची, आणि टॉन्सिलच्या खोबणीत काही दिसलं नाही तर पुढे काय? मिथिलेशनच्या बहुतेक शोधनिबंधांत एका बाजूला रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला निरोगी असे जवळपास समसमान गट घेतलेले असतात. तिथे चाचणी चमकणारच.

पिपेट

टक्केवारी, गणित मान्य. म्हणूनच मी नाकामागच्या कर्करोगाचं नाव घेतलं. तिथे हे गणित प्रत्यक्ष लोकांवर करून झालं आहे.

हाँगकाँगमध्ये ४० ते ६२ वयाच्या २०,१७४ चिनी पुरुषांच्या रक्तात ईबीव्हीचा डीएनए शोधला. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या फेरीत १,११२ जणांत सापडला. सुमारे चार आठवड्यांनी त्यांचं रक्त पुन्हा तपासलं, तेव्हा ३०९ जणांत टिकून होता. त्यांची दुर्बिणीने आणि एमआरआयने तपासणी केली आणि ३४ कर्करोग निघाले. त्यातले ७१% पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले. एरवी तिथल्या रुग्णांत हे प्रमाण २०% होतं. म्हणजे जोखमीचा गट नीट निवडला आणि चाचणी दोनदा केली तर दर ९ संशयितांमागे एक खरा रुग्ण. तुमच्या हजारामागे ९ पेक्षा बरंच बरं.

पण उरलेल्या २७५ जणांचं काय? ९०% हून जास्त प्रौढांच्या अंगात ईबीव्ही असतोच. अधूनमधून तो जागा होतो, नव्या प्रती काढतो, त्यांचे तुकडे रक्तात येतात. मिथिलेशनचा प्रवेश इथे होतो. विषाणूच्या कवचात जो डीएनए भरला जातो तो कोरा असतो, मिथिल गट नसलेला. पेशीत तो दडून बसला की पेशीच त्याच्यावर गट चढवते. कर्करोगाच्या पेशीत विषाणू दडूनच राहतो, त्यामुळे गाठीतून रक्तात सांडणाऱ्या तुकड्यांवरची मिथिलेशनची ठेवण निराळी असते. हाँगकाँगच्याच गटाने पुढे दाखवलं की तुकड्यांची संख्या आणि लांबी यांच्या जोडीला मिथिलेशन पाहिलं तर खोटे इशारे आणखी कमी होतात. नाकामागून ब्रशने घेतलेल्या नमुन्यातही विषाणूच्या ठरावीक जागांचं मिथिलेशन मोजून पाहिलं गेलं आहे.

अवांतर, पण मला फार आवडणारी गोष्ट: मिथिलेशनने जनुक गप्प होतं हा नियम ईबीव्हीने वाकवला आहे. त्याला झोपेतून उठवणारं झेडटा नावाचं प्रथिन मिथिल गट बसलेल्या जागांनाच जास्त पसंतीने चिकटतं. पेशीने लावलेलं कुलूप याने स्वतःची किल्ली करून घेतली!

कुंपणावरचा

मग एचपीव्हीला हेच का जमू नये? गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर मिथिलेशनच्या चाचण्या वापरात आहेत असं वाचलंय. विषाणू तोच, १६ नंबरचा. घसा काय वेगळा?

पिपेट

बरोबर वाचलंय. एचपीव्ही पॉझिटिव्ह निघालेल्या बायकांत कुणाला पुढे तपासायचं हे ठरवायला एफएएम१९ए४ आणि एमआयआर१२४-२ या जनुकांचं मिथिलेशन मोजतात. विषाणूच्या एल१-एल२ भागाचं मिथिलेशनही संसर्ग मुरत जातो तसं वाढतं. विषाणूच्या नियंत्रण पट्ट्यात ई२ प्रथिन बसायच्या ज्या जागा आहेत तिथे गट चढले की ई२ ला बसता येत नाही, आणि पेशीला बिघडवणाऱ्या ई६-ई७ या प्रथिनांवरचा त्याचा लगाम सुटतो. रसायन घशातही हेच आहे.

वेगळी आहे ती जागा. गर्भाशयमुखावर पूर्वावस्था दिसते, हाताला लागते, ब्रश फिरवला की नेमक्या त्याच पेशी येतात, आणि सापडली तर तेवढा भाग काढून टाकता येतो. टॉन्सिलला आत शिरणाऱ्या खोल खोबणी आहेत, आतलं अस्तर जाळीसारखं, लसिकापेशींनी भरलेलं. कर्करोग तळाशी सुरू होतो आणि वरून टॉन्सिल गुळगुळीत दिसतो. ब्रश पोचत नाही. नेमाने शोधून काढता येईल अशी पूर्वावस्था अजून कुणाच्या हाती लागलेली नाही. गुळण्यांच्या पाण्यात कर्करोग असलेल्यांत एचपीव्ही १६ चं आणि ईपीबी४१एल३ या जनुकाचं मिथिलेशन जास्त आढळलं आहे, पण गुळणीत खोबणीच्या तळातली पेशी येईलच याची हमी कोण देणार? आणि आली, चाचणी पॉझिटिव्ह झाली, तरी टक्केवारी यांचा प्रश्न उभाच: पुढे काय? काढायचं काय?

नाककानघसा

हे शंभर टक्के. उद्या कुणी असा रिपोर्ट घेऊन आला आणि दुर्बिणीत, स्कॅनमध्ये काही नसलं तर मी त्याला काय सांगू? शंकेवरून दोन्ही टॉन्सिल काढा म्हणू? जिभेच्या मुळाचं काय मग? तोंडातले बहुतेक एचपीव्ही संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. नुसत्या "विषाणू आहे" या रिपोर्टाने माणूस हवालदिल होतो, हाती काही लागत नाही.

शून्यप्रहर

हे गट मोजतात कसे पण? इतकी बारीक गोष्ट दिसते कशात?

पिपेट

दिसत नाही, रसायनाने वदवून घेतो. डीएनएला बायसल्फाइट या रसायनात तापवलं की साध्या सीचं यू होतं आणि वाचताना ते टी म्हणून वाचलं जातं. मिथिल गट असलेला सी मात्र टिकतो. समजा मूळ क्रम टी-सी-जी-ए-सी-टी. सीजी जोडीवर गट असेल तर वाचताना टी-सी-जी-ए-टी-टी येतं. नसेल तर टी-टी-जी-ए-टी-टी. फरक एका अक्षराचा. सगळी मदार त्या एका अक्षरावर.

कागदावर सोपं. बायॉप्सीचा तुकडा मात्र फॉर्मलिनमधून मेणाच्या ब्लॉकमध्ये गेलेला असतो, फॉर्मलिनने डीएनए आधीच तुटका झालेला, त्यात बायसल्फाइट त्याचे आणखी तुकडे करतं. जुन्या ब्लॉकमधून कधी इतका कमी माल हाती येतो की पीसीआर चालतच नाही. दुसरी डोकेदुखी अर्धवट रूपांतराची: साधा सी बदलायचा राहून गेला तर तो मिथिल गट असल्यासारखा वाचला जातो. म्हणून पूर्ण मिथिलेशन असलेला आणि अजिबात नसलेला असे दोन नमुने प्रत्येक खेपेला सोबत चालवायचे. एखाद्या रिपोर्टात या नियंत्रणांचा उल्लेखच नसेल तर मी पुढचा आकडा वाचत नाही. आता विकरं वापरून हेच रूपांतर हलक्या हाताने करायच्या पद्धती आल्या आहेत, त्या हळूहळू रुळतील.

अर्धविराम

माझं काम या माहितीचं विश्लेषण करायचं, तेव्हा दोन पैसे माझेही.

गाठीचा तुकडा म्हणजे निव्वळ कर्करोगाच्या पेशी नव्हेत. एचपीव्हीच्या गाठींत लसिकापेशींची गर्दी असते, आणि प्रत्येक पेशीप्रकाराचं मिथिलेशन मुळातच वेगळं. एचपीव्ही पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह गाठींची तुलना करून "या इतक्या जागा वेगळ्या" अशी यादी आली की त्यातल्या बऱ्याच जागा "इथे लसिकापेशी जास्त आहेत" एवढंच सांगत असतात. पेशींचं प्रमाण काढून ते वजा करायच्या रीती आहेत, पण सगळे वापरत नाहीत. त्यात वय आहे, वयानुसार मिथिलेशन इतकं ठरावीक पद्धतीने बदलतं की २०१३ मध्ये ३५३ जागांवरून वय सांगणारं घड्याळ बनवलं गेलं. धूम्रपान आहे: एएचआरआर जनुकावरच्या एका जागेचं मिथिलेशन सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात हमखास उतरलेलं दिसतं. आता विचार करा, एचपीव्ही निगेटिव्ह गटात धूम्रपान करणारे जास्त, वय जास्त. तुमचा "विषाणूचा ठसा" किती विषाणूचा आणि किती सिगारेटचा?

एचपीव्हीचे खरे बदल नाहीत असं मी म्हणत नाही. पॉझिटिव्ह गाठींत जास्त मिथिलेशनवाला एक गट वेगळा पडतो हे अनेक ठिकाणी दिसलं आहे. घशाच्या गाठींत एएलडीएच१ए२, ओएसआर२, गाटा४, जीआरआयए४ आणि आयआरएक्स४ या पाच जनुकांचा एक संचही सुचवला गेला. पहिल्या दोघांवर मिथिलेशन कमी आणि बाकी तिघांवर जास्त असेल तर रुग्ण जास्त जगतात असा निष्कर्ष होता. दहा वर्षं उलटून गेली, रोजच्या रिपोर्टात तो संच आलेला नाही. असे संच भाराभर निघतात. वेगळ्या ठिकाणच्या, वेगळ्या यंत्रावरच्या, आधीच ठरवलेल्या मर्यादेने तपासलेल्या रुग्णांत टिकणारे हाताच्या बोटांवर.

याउलट मला जिथे मिथिलेशन मनापासून पटतं ती जागा वेगळीच आहे. डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या फुप्फुसात नंतर गाठ आली तर ती पसरलेली जुनी की फुप्फुसाची स्वतंत्र नवी? सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्याच दिसतात, उपचार मात्र पार वेगळे. तिथे जीनोमभरचं मिथिलेशन पाहून मूळ ओळखता येतं असं २०१९ मध्ये दाखवलं आहे. एचपीव्हीच्या गाठीला निदान विषाणूचा पुरावा तरी असतो, विषाणू नसलेल्यांना हाच आधार.

टक्केवारी

अर्धविराम, टाळ्या. शेवटचा परिच्छेद आवडला. तिथे आधीचा संशय ५०-५० चा असतो, त्यामुळे माझं एक लाखवालं गणित लागूच होत नाही.

शून्यप्रहर

मिथिल गट काढून टाकायचं औषध नाही का? जनुक परत जागं होईल.

नाककानघसा

आहे. अ‍ॅझासिटिडीन, डेसिटाबिन. रक्ताच्या काही आजारांत २००४-०६ पासून मान्यताप्राप्त. घशाच्या दोन्ही कर्करोगांत छोट्या चाचण्या झाल्या आहेत, गाठीत अपेक्षित बदल दिसलेही, पण नेहमीच्या उपचारांत त्यांना जागा नाही. ही औषधं निवडक नाहीत, सगळीकडचे गट उतरवतात.

सांजवेळ

सगळं वाचलं, निम्मं कळलं. आता खरा प्रश्न. एका नातेवाइकाने डोक्यात भरवलंय की एचपीव्हीचा असेल तर कमी डोस पुरतो, उगाच त्रास कशाला. आणि बाहेरून मिथिलेशनचं मोठं पॅनेल करून घ्या, त्यावरून ठरेल. मामा आधीच धास्तावलेत, त्यांना ते पटू लागलंय. करावं का?

नाककानघसा

पॅनेलसाठी पैसे घालू नका. या आजारात त्याचा निकाल काहीही आला तरी उपचार बदलायला आज आधार नाही. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या कर्करोगात एमजीएमटी जनुकाच्या मिथिलेशनवरून टेमोझोलोमाइड हे औषध किती लागू पडेल याचा अंदाज येतो, तसं इथे अजून कशानेच येत नाही.

कमी डोसबद्दल जरा जास्त लिहितो, कारण हा समज घातक आहे. कल्पना वेडगळ नव्हती. एचपीव्हीच्या गाठी चांगला प्रतिसाद देतात, मग किरणोपचारासोबत नेहमीच्या सिस्प्लॅटिन या औषधाऐवजी सौम्य समजलं जाणारं सेटुक्सिमॅब देऊन पाहू म्हणून दोन मोठ्या चाचण्या झाल्या. निकाल बहुतेक २०१९ च्या सुमारास सगळ्यांच्या हाती होते: सेटुक्सिमॅबवाल्यांत जास्त मृत्यू, आणि एकूण त्रासही म्हणावा तसा कमी नाही. चाचणीबाहेर कुणी उपचार पातळ करायला सांगत असेल तर तसं करू नका, असं मामांना माझ्या नावाने सांगा.

विचारायचं असेल तर त्यांच्या डॉक्टरांना हे विचारा: पी१६ सोबत एचपीव्हीची स्वतंत्र चाचणी झाली का? साडेसात हजारांहून जास्त रुग्णांच्या माहितीवरून २०२३ मध्ये दिसलं की ९.२% जणांत पी१६ आणि एचपीव्ही यांचं एकमत नसतं. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर पाच वर्षांनी ८१.१% हयात. पी१६ पॉझिटिव्ह पण विषाणू नाही, तर ५४.७%. मामा सिगारेट ओढत असतील तर किती, किती वर्षं, हेही डॉक्टरांना खरं सांगा. घरचे हे हमखास कमी करून सांगतात.

कुंपणावरचा

एक शंका. ज्यांची मानेत गाठ आहे पण घशात कुठेच काही सापडत नाही, त्यांचं कसं?

नाककानघसा

मानेतल्या गाठीवरच पी१६ पाहतात. निगेटिव्ह आली तर ईबर, म्हणजे पेशीतल्या ईबीव्हीच्या आरएनएची खूण. म्हणजे दोनपैकी कुठला विषाणू यावरून शोध कुठे घ्यायचा ते ठरतं: टॉन्सिल, जिभेचं मूळ की नाकामागे. फक्त सुईने घेतलेल्या नमुन्यात ती ७०% ची मर्यादा जशीच्या तशी लावत नाहीत, प्रयोगशाळेने स्वतःची तपासून ठरवावी लागते.

पिपेट

उपचारानंतरच्या पाठपुराव्याचं राहिलं होतं. एचपीव्हीच्या कर्करोगात रक्तात गाठीतून सुटलेला विषाणूचा डीएनए थेट मोजता येतो. ईबीव्हीसारखा तो निरोगी लोकांच्या रक्तात सहसा फिरत नाही, त्यामुळे सापडला की अर्थ लावायला सोपा. मिथिलेशनला या साध्या मोजणीपेक्षा काहीतरी जास्त सांगता आलं पाहिजे, आणि टॉन्सिलच्या बाबतीत मला ते अजून दिसलेलं नाही. उलट ज्या गाठींत विषाणूच नाही तिथे रक्तात शोधायला दुसरं सोपं काही नाही, म्हणून सेप्ट९ आणि शॉक्स२ या जनुकांच्या मिथिलेशनवर डोके-मानेच्या कर्करोगात काम झालं आहे. या धाग्याच्या विषयाबाहेरचं आहे, पण माझे पैसे मी त्या बाजूला लावेन.

टक्केवारी

त्यावर वेगळा धागा काढा. आकडे घेऊन येतो.

सांजवेळ

डॉक्टर, पिपेटताई, खूप आभार. आज विचारलं. एचपीव्हीची वेगळी चाचणी झालेली नाही. टॉन्सिलच्या बायॉप्सीचा ब्लॉक त्यांच्याकडेच आहे, त्यावरच करू म्हणाले, नव्याने तुकडा काढावा लागणार नाही. सिगारेटचं मामींनी सांगितलं, मामांनी सांगितल्याच्या दुप्पट.